रक्तावरची साय

माझं दुखणं लोकांना आधी दिसलं ते तब्येत सुधारली म्हणून. सत्तरीच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या एका फोर्जिंग कंपनीत मी भट्टीवर कामाला लागलो, परमनंट झालो, लग्न झालं, मुलगी झाली, आणि पुढच्या एका हिवाळ्यात माझा चेहरा भरायला लागला. पिंपळे गुरवात आम्ही दोन खोल्यांत राहायचो. शेजारपाजारचे म्हणायचे, "कंपनी मानवली बरं का यशवंताला." चाकणच्या अलीकडे आमचं गाव. तिथे गेलो की आत्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडायची. मी जन्माचा काटकुळा, त्यामुळे खरं सांगतो, मला हे सगळं आवडत होतं.

सकाळी डोळे सुजलेले असायचे. पहिल्या पाळीला जाणाऱ्या माणसाचे डोळे असेच असतात, असं मी धरून चाललो. संध्याकाळी सेफ्टी बुटांच्या लेस सैल कराव्या लागायच्या, तेव्हा म्हटलं बूट आखडले असतील. लघवीला साबण कालवल्यासारखा फेस यायचा. पण ही काही चारचौघांत बोलायची गोष्ट नव्हे, म्हणून ती मी पोटातच ठेवली.

दुखणं खरं उघड केलं ते आमच्या मुलीनं. मंदा तेव्हा जेमतेम चार वर्षांची. मी पाय पसरून बसलो की ती माझ्या नडगीवर अंगठा दाबायची. तिथे खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. त्या खळग्यात ती चिंचोका ठेवायची. चिंचोका घरंगळत नसे, अगदी नीट बसायचा. मैत्रिणींच्या वडिलांच्या पायावर हा खेळ जमत नाही, म्हणून ती गल्लीभर मिरवायची. एकदा माझी बायको इंदू हे बघत उभी राहिली. तिनं स्वतः अंगठा दाबून पाहिला.

"हे मांस नाही," ती म्हणाली. "मांसात खड्डा पडत नाही. उद्या रजा टाका."

दूध पिऊन आलात का?

पुण्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरांनी माझी लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली. ती उकडलेल्या अंड्यासारखी पांढरी गोठली. नळी त्यांनी शेजारच्या डॉक्टरांना दाखवली, दोघांनी माना हलवल्या, आणि मी भरती झालो. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त काढायचं ठरलं.

रक्त घेणाऱ्या बाई वयानं मोठ्या आणि फटकळ होत्या. दुपारी त्या तरातरा वॉर्डात आल्या. "उपाशी राहायला सांगितलं होतं ना? वाटीभर दूध ढोसून आलात!"

"नाही हो बाई. चहासुद्धा घेतला नाही."

"मग हे काय?" त्यांनी नळी माझ्यासमोर धरली. लाल रक्त तळाशी बसलं होतं. त्याच्यावर एरवी पिवळसर, स्वच्छ पाणी असतं म्हणे. माझ्या नळीत तिथे दूध होतं. अगदी पांढरं, घट्ट दूध. माझंच रक्त, पण ते माझं आहे हे पटेना. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी सकाळपासून माझ्यावर नजर ठेवली, पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा दूध. ती नळी ठेवून दिली तर वर साय धरल्यासारखा थर आला. बाई वरमल्या. मग शिकणाऱ्या मुलांची रांग लागली नळी बघायला. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडची एखादी वस्तू बघायला लोक रांगेत उभे राहिले होते, आणि मला मात्र दरदरून घाम फुटला होता.

डॉक्टरांनी नंतर खाटेवर बसून समजावलं. आजाराचं नाव नेफ्रॉटिक. "किडनी म्हणजे गाळणी. तुमच्या गाळणीची भोकं मोठी झालीत. रक्तातलं सकस, म्हणजे प्रोटीन, लघवीवाटे वाहून चाललंय. ते भरून काढायला लिव्हर ओव्हरटाइम करतंय, आणि त्या धांदलीत चरबीपण ढिगानं तयार करतंय. तीच रक्तात दिसतेय. तुम्ही खाल्लेली नाही ती."

"बरं होतं का हे?" इंदूनं विचारलं.

"गोळ्यांना दाद दिली तर होतं. नाही दिली तर किडनी हळूहळू काम सोडते. मग आमच्याही हातात फारसं काही राहत नाही." त्यांनी गोड बोलून झाकपाक केली नाही, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. इंदू जिन्यापर्यंत शांतपणे गेली आणि तिथे खांबाला धरून रडली. हे मला वॉर्डातल्या आयाबाईंनी नंतर सांगितलं.

वॉर्ड

वॉर्डातला दिवस पहाटेच सुरू व्हायचा. वजन, मग रक्तदाब, मग खाटेखालची मोठी काचेची बरणी, जिच्यात दिवसभराची लघवी साठवायची. आपलीच लघवी सांभाळत बसायचं काम माणसावर येईल असं वाटलं नव्हतं. भेटायला आलेल्या मेव्हण्यानं ती बरणी पाहून विचारलं, "हा मध कुठनं आणला?" त्या दिवशी सगळा वॉर्ड हसला.

जेवण बिनमिठाचं. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, म्हणून बंद. पहिला घास तोंडात घेतला आणि वाटलं, याच्यापेक्षा आजार बरा. आयाबाई रोज पदराआडून अर्धं लिंबू द्यायच्या. अळणी वरणावर लिंबू पिळलं, वर मिरपूड टाकली, की घास खाली उतरतो. हे वाचणाऱ्या कोणाला मीठ बंद झालं असेल तर त्यांनी हे करून बघावं, आधी डॉक्टरांना विचारून.

खिडकीजवळच्या खाटेवर भोसरीचा एक शिंपी होता, माझ्याच वयाचा. त्याची किडनी शेवटाला आली होती. तो माझ्या चादरीचा उसवलेला काठ बसल्या बसल्या शिवून द्यायचा. एका सकाळी मी लॅबमधून परत आलो तर त्याची खाट धुवून कोरडी केलेली होती. त्या दिवशी मला मरणाची खरी भीती वाटली. दिवसभर मी त्या चादरीचा काठ हातात धरून पडून होतो.

सात पिढ्या

माझे वडील, आबा, गावाकडून भेटायला आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रगतात चरबी? आरं यशा, आपल्या सात पिढ्यांत कुनाच्या पोटात तूप गेलं न्हाई. तुझ्या रगतात कुठनं आलं?"

मी त्यांना लिव्हरचा ओव्हरटाइम सांगितला. त्यांना तो लगेच पटला. "म्हंजी लिवर बी कामगारच की. वझं टाकलं की वाकडंतिकडं काम व्हनारच."

गावात कोणीतरी त्यांना उतारा टाकायला सुचवलं होतं. आबांनी धम्म स्वीकारला तेव्हा स्वतःच्या हातानं देव्हारा उतरवला होता. त्या कोनाड्यात मग तथागतांची तसबीर आली, आणि तिच्या शेजारी आयोडिनची बाटली आणि तापाच्या गोळ्या. ते म्हणाले, "आपल्यात उतारा न्हाई, अंगारा न्हाई. डाक्टर सांगल ती गोळी. अन् गोळी चुकवायची न्हाई, काय?" मी मान डोलावली. आमच्या घरात गोळी चुकवणं म्हणजे, देव सोडले म्हणून भोगतायत, असं बाहेरच्यांना आयतंच बोलायला जागा देणं होतं. आबांचं गोळीचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

घरी सोडलं तेव्हा गोळ्यांनी माझं तोंड चंद्रासारखं वाटोळं झालं होतं आणि भूक राक्षसासारखी लागत होती. अंड्यातलं पांढरं मला, पिवळं मंदाला, अशी वाटणी ठरली. इंदूनं मिठाची बरणी रिकामी करून शेल्फवर पालथी घातली. "एकासाठी वेगळं शिजवलं की हात चुकतो," ती म्हणाली. "सगळेच अळणी खाऊ." आबाही तेव्हापासून आमच्याकडेच राहिले. त्यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही, फक्त जेवायला बसताना "चला, औषध घेऊ" असं म्हणायचे.

शेठ

कामावर परत गेलो तेव्हा बबननं विचारलं. बबन माझा भट्टीवरचा जोडीदार, माणूस सोन्यासारखा, पण जिभेला हाड नाही. मी भाबडेपणानं सांगून टाकलं, रक्तात चरबी झालीय.

"चरबी? तुझ्या?" तो ओरडला. "राव, आम्ही भाकरी खाऊन वाळतोय, आणि हा भाकरी खाऊन रक्तात लोणी काढतोय! शेठ झाला आपला यशवंत!"

तेव्हापासून मी शेठ. "शेठ, गाडी कुठं लावली?" "शेठ, मुनीम नाही आला?" मनात कोणाच्या वाईट नव्हतं. मीही हसायचो. पण रोज रोज हसून तोंड दुखायला लागलं, तेव्हा ठरवलं, यापुढे आजाराचं कंपनीत अवाक्षर काढायचं नाही. पोटाचं दुखणं आहे, इतकंच सांगायचं. मीठ बंद आहे हे कळलं असतं तर त्याचंही त्यांनी काहीतरी केलं असतं. मी डबा एकटाच, स्टोअरच्या मागे बसून खायचो.

डॉक्टरांनी हलकं काम लिहून दिलं होतं. त्याच शेडमधल्या स्टोअरच्या खिडकीवर मला बसवलं. हातमोजे द्यायचे, चष्मे द्यायचे, पुसायला सुताचा गुंता द्यायचा. होळीनंतर ऊन चढलं तसं आणखी एक काम आलं, गर्मीच्या गोळ्या वाटायचं. भट्टीवरच्या माणसांना उन्हाळ्यात चक्कर येते, पायात गोळे येतात, म्हणून दवाखान्यातून काचेची मोठी बरणी यायची. प्रत्येकानं माझ्यासमोर दोन गोळ्या गिळायच्या असा सुपरवायझरचा नियम. मी भट्टीवर असतानाही दर उन्हाळ्यात त्या घेतल्या होत्या. घशात टाकायची, वर तांब्याभर पाणी. चव घ्यायला तोंडात कोण ठेवतो? नवी पोरं टाळाटाळ करायची. म्हणून मी आधी सगळ्यांदेखत दोन गिळायचो आणि म्हणायचो, "बघा, मी आजारी माणूस घेतोय, तुम्हाला काय झालं?"

मोठ्या निष्ठेनं घेत होतो मी त्या. गोळी चुकवायची न्हाई.

ताक

दर खेपेला रक्त देताना त्या फटकळ बाई मला नळी दाखवायच्या. आता आमची ओळख झाली होती. एकदा म्हणाल्या, "बघा, दुधाचं ताक झालंय." त्याच्या पुढच्या खेपेला म्हणाल्या, "आता ताकावरची निवळी." खरंच, रक्तावरचं पाणी धूसर होतं, पण पांढरं नव्हतं. मी आनंदानं डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी नळी पाहिली, कागद पाहिले, मग माझी नडगी दाबली. अंगठा आत गेला. पूर्वीपेक्षा जास्तच.

"हे जमत नाही," ते म्हणाले. "चरबी उतरतेय. लघवीतलं सकस जवळजवळ थांबलंय. म्हणजे गाळणी सांधतेय. मग सूज का वाढते? तुम्ही मीठ खाता."

"नाही, साहेब."

त्यांनी इंदूकडे पाहिलं. ती एरवी डॉक्टरांसमोर कमी बोलायची. त्या दिवशी बोलली. "डॉक्टरसाहेब, माझ्या घरात मीठच नाही. बरणी पालथी आहे. मी खात नाही, सासरे खात नाहीत, पोर खात नाही. मग यांच्या पायात येतं कुठून?"

"बाहेरचं औषध? झाडपाला? कोणी वैद्य?"

"अजिबात नाही," मी छाती काढून सांगितलं. "असलं आमच्यात चालत नाही."

डॉक्टरांनी कागद पुन्हा एकदा चाळले. मग म्हणाले की असं असेल तर किडनी आतून वेगळ्याच तऱ्हेनं बिघडत असावी. पुढच्या खेपेपर्यंत सूज उतरली नाही तर मुंबईला पाठवावं लागेल. तिथे सुईनं किडनीचा तुकडा काढून तपासतील, मग जास्त कडक औषध. त्यानं गुण येईलच असं ते सांगू शकत नव्हते.

बसमध्ये इंदू खिडकीबाहेर बघत होती. मला तो शिंपी आठवत होता.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आबांनी एकदा हळूच विचारलं, "सूनबाय, चुकून चिमूट पडत आसंल का?" इंदू ताटावरून उठून गेली. ती माझा डबा हुंगायची. कँटीनमध्ये भजी खाता का, म्हणून विचारायची. मी शपथा घेऊन थकलो होतो, आणि आपण खरं बोलूनही कोणी मानत नाही याचा मला फार राग यायचा. कैऱ्यांचे दिवस होते. मंदा कैरीची फोड घेऊन शेजारी गेली आणि तिथून मीठ लावून आली. इंदूनं तिच्या हातातली फोड हिसकावली आणि फाडकन तिच्या तोंडात मारली. पोर इतकी दचकली की रडायचंच विसरली. मला वाटलं, मी मरेन तेव्हा मरेन, पण हे घर माझ्याआधी मोडणार.

गुरुवार

आमच्याकडे कंपनीची सुट्टी गुरुवारी. इंदू मोरीत माझा खाकी शर्ट धुवायला घेत होती. खिसा चाचपून तिनं हाक मारली. "अहो, या कसल्या गोळ्या?"

"गर्मीच्या. कंपनीच्या. आज सुट्टी ना, नागा नको म्हणून घरी आणल्या."

"डॉक्टरांना दाखवल्यात?"

"त्यात काय दाखवायचं? ते बाहेरच्या औषधाचं विचारत होते. हे कंपनीचं आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं ओला हात पदराला पुसला, एक गोळी उचलली आणि जिभेला लावली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ती उठून माझ्याजवळ आली आणि गोळी माझ्या ओठांपुढे धरली.

"चाटा."

मी चाटली. निव्वळ मीठ.

"रोज किती?" तिनं विचारलं. मी सांगितलं. "पोरीला मारलं हो मी," ती म्हणाली. "चिमूटभर मिठासाठी पोरीला मारलं." आणि मग ती इतकी रडली की आबा बाहेरून धावत आले. त्यांनीही गोळी चाटून पाहिली. बराच वेळ ते ती तळहातावर घेऊन बसले.

"गोळी हाय म्हनून तू घेतलीस," शेवटी ते म्हणाले. "चूक माझी बी हाय. गोळी चुकवू नको म्हनलो, कसली ते इचार म्हनलो न्हाई."

डॉक्टरांना आम्ही ती गोळीच नेऊन दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, "म्हणजे तुमचं रक्त खरं बोलत होतं. आम्हीच त्याच्यावर विश्वास ठेवला नाही." मुंबईची चिठ्ठी त्यांनी लिहिली नाही.

बबनला सांगितलं तर तो अवाक. "शेठ, त्या मिठाच्याच असतात, जुन्या माणसांना ठाऊक आहे. पण तुला मीठ बंद आहे हे तू सांगितलंस कुठं?" गोळ्यांची बरणी त्याच दिवशी त्यानं स्वतःकडे घेतली. शेठ हे नाव मात्र रिटायर होईपर्यंत राहिलं.

हे लिहितोय ते अशाच दुखण्यात सापडलेल्यांसाठी. रक्तात चरबी निघाली म्हणून लाजू नका. किडनीच्या आजारात ती खाऊन येते असं नाही, आणि ती श्रीमंती तर मुळीच नाही. जिथे दिवसाचे आठ तास काढता तिथल्या एका तरी माणसाला आपलं पथ्य सांगून ठेवा. हसला तर हसू द्या. डॉक्टरांनी विचारलं तर पोटात जाणारी प्रत्येक गोळी सांगा, फुकटची असली तरी. माझं दुखणं पुढे दोनदा उलटलं, दोन्ही वेळा गोळ्यांना बधलं. ते कायमचं गेलं असं मी म्हणणार नाही, कारण डॉक्टरही तसं म्हणत नाहीत.

गर्मीच्या गोळ्या थांबल्यावर पाणी भराभर उतरलं. एका सकाळी बुटांच्या लेस पूर्वीसारख्या आवळल्या. मी घरी कोणाला बोललो नाही. आनंद बोलून दाखवायची भीती वाटत होती. संध्याकाळी पाय पसरून बसलो तेव्हा मंदा चिंचोका घेऊन आली. नडगीवर तिनं अंगठा दाबला, चिंचोका ठेवला. तो घरंगळून खाली पडला. तिनं पुन्हा दाबला, दोन्ही अंगठ्यांनी, जीव खाऊन. पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. तिचा चेहरा रडवेला झाला.

"आई," तिनं आत हाक मारली, "बाबांचा पाय बिघडला!"

इंदू पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. खाली बसून तिनं स्वतः चिंचोका माझ्या नडगीवर ठेवला. तो घरंगळला. तिनं परत ठेवला, तो परत घरंगळला. ती उठून आत गेली, शेल्फवरची पालथी बरणी सुलटी केली, वाटी घेऊन शेजारी गेली आणि मंदाच्या कैरीसाठी मीठ घेऊन आली.